अभिमानाची चौथी चिठ्ठी

निवृत्त माणसानं काय करावं याबद्दल जगात सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त निवृत्त माणसाला नसतं. आमच्या इमारतीत हे ज्ञान तळमजल्यावरच्या मास्तरांकडे जमा आहे आणि ते मागितल्याशिवायच मिळतं. मी नोकरीतून सुटलो त्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून तीन गोष्टी सांगितल्या: पहाटे चाला, मीठ कमी करा आणि कसल्याही कमिटीत शिरू नका. पहिल्या दोन मी ऐकल्या नाहीत. तिसरी ऐकली, म्हणून कमिटीऐवजी शब्दकोशात शिरलो आणि तोंडघशी पडलो.

माझं दुखणं आधी सांगतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा समजायला सोपा जाईल. पाणीपुरवठा खात्यात पत्रव्यवहाराच्या टेबलावर मी चौतीस वर्षं काढली. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी झोपेतसुद्धा बिनचूक लिहू शकतो. पण त्यातल्या एकाही पत्राखाली माझं नाव नव्हतं. नाव साहेबांचं. साहेब जागेवर नसले (आणि ते नसतच) की त्यांच्या नावाच्या वर बारीक अक्षरात 'करिता' लिहून मी सही ठोकायची. साहेब सात बदलले, करिता मी एकटाच राहिलो. कुठेतरी एकदा, छापील अक्षरात, करिताशिवाय आपलं नाव यावं एवढी एकच हौस उरली होती.

अशात पेपरात जाहिरात आली. एका कोशकार्यालयाला संग्राहक हवे होते. 'मानधन नाही. संग्राहकांची नावे खंडाच्या शेवटी छापली जातील.' बायकोनं पहिलं वाक्य वाचलं, मी दुसरं.

"जा की," ती म्हणाली. "घरात बसून माझ्या डब्यांवर लेबलं लावण्यापेक्षा बरं."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं की प्रोत्साहन म्हणून, ते मला कळलं नाही. तिचं मला बरंच काही कळत नाही, हे पुढे येईलच. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. छत्तीस वर्षं. सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्या माणसाला फार बोलावं लागत नाही, आणि तशीही आमच्या घरात बोलण्याची बाजू मी सांभाळतो.

कोशकार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. जिना चढून गेलं की आधी लाकडी खण लागतात, मग आणखी खण, आणि शेवटी त्या खणांच्या मागे मुख्य संपादक सापडतात. त्यांचा एक चष्मा डोळ्यांवर होता, एक कपाळावर होता आणि तिसरा ते शोधत होते. त्यांच्या कोशाचं काम असं: संस्कृतातला एक शब्द घ्यायचा आणि तो आजूबाजूच्या भाषांत जाऊन कसा वागतो ते पाहायचं.

"शिक्षाच घ्या," ते म्हणाले. "हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे म्हणजे छड्या."

मास्तरांच्या वर्गात दोन्ही एकच होतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं.

"संसार घ्या. आपल्याकडे भांडीकुंडी, मुलंबाळं. मलयाळममध्ये संसार म्हणजे बोलणं, संभाषण."

"आमच्याकडे संसार आहे, पण संभाषण मी एकटाच करतो," मी म्हणालो. ते हसले नाहीत. कोशातली माणसं हसत नाहीत, नोंद करतात.

मग त्यांनी मला माझा शब्द दिला. अभिमान. मराठीत तो चांगला, छाती फुगवणारा. हिंदीत गेला की गर्व, घमेंड होतो, दोष होतो. तेलुगूत जिव्हाळा, माया होतो. "आणि बंगालीत?" मी विचारलं. संपादकांनी दोन्ही चष्मे काढून पुसले.

"तो तुम्ही आणा. त्याला मराठीत शब्द सापडेना, म्हणून तर जागा रिकामी आहे. चार भाषा, चार चिठ्ठ्या. तीस तारखेला चारला खिडकी बंद होते. चारही मान्य झाल्या तरच यादीत नाव."

चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर वाक्य, बोलणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. सोपं वाटलं. मग त्यांनी नियम वाचून दाखवले. वाक्य सहज बोललं गेलेलं हवं. मागून घेतलेलं चालणार नाही. संग्राहकानं तो शब्द बोलणाऱ्यासमोर आधी उच्चारायचा नाही. शब्दाची व्याख्या चालणार नाही. चिठ्ठीची मागची बाजू कोरी ठेवायची. हा शेवटचा नियम ऐकून मला हसू आलं. कोऱ्या कागदाचा एवढा धाक मी खात्यातही पाहिला नव्हता.

म्हणजे काम असं ठरलं: चार परक्या माणसांना आपणहून 'अभिमान' म्हणायला लावायचं आणि आपण मात्र त्याचा अ सुद्धा काढायचा नाही.

मराठीची चिठ्ठी पाच मिनिटांत मिळाली. मास्तरांच्या दारात उभं राहायचा अवकाश. "माझ्या विद्यार्थ्यांचा मला अभिमान आहे," हे वाक्य ते दर तीन वाक्यांनंतर म्हणतातच. सही करायला मात्र त्यांनी सहा दिवस घेतले, कारण चिठ्ठीवरच्या छापील मजकुरात त्यांना दोन चुका दिसल्या आणि त्या दुरुस्त केल्याशिवाय सही करणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

याच दिवसांत, तीन तारखेला, चहा पिताना बायको म्हणाली, "सतराला माझा निरोपसमारंभ आहे. दुपारी चार. तीस तारखेला सुटणार आहे खरं तर, पण आमचे प्रमुख रजेवर चाललेत म्हणून आधी. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवायला सांगितलीय."

"येणार म्हणजे काय!" मी म्हणालो. आणि तिच्यासमोरच, हाताला लागला त्या कागदावर ते लिहून ठेवलं. माझ्या निरोपाला ती पहिल्या रांगेत बसली होती. साहेबांनी माझं नाव चुकीचं घेतलं तेव्हा तिनं जागेवरून मोठ्यानं दुरुस्त केलं होतं. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही, असा माझा समज होता.

मग हिंदीच्या मागे लागलो. समोरच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे. दुकानदाराच्या घरात हिंदी बोलतात. आता हिंदीत अभिमान म्हणजे घमेंड, तेव्हा कोणीतरी घमेंड केल्याशिवाय तो शब्द निघणार कसा? ती मलाच करावी लागली. मी दुकानात शिरलो, तीन फ्रेमा हातात घेतल्या आणि म्हणालो, "असल्या फ्रेमा आमच्या ऑफिसात शिपाई वापरायचे."

चष्मेवाल्यानं तिन्ही फ्रेमा माझ्या हातातून काढून घेतल्या. मग म्हणाला, "अंकल, इतना घमंड ठीक नहीं."

घमंड! मी खिन्न होऊन परतलो. दुसऱ्या दिवशी जास्त मेहनत घेतली. त्याच्या काचांना बाटलीची बुडं म्हटलं. त्यावर 'अकड' मिळाली. तिसऱ्या दिवशी त्यानं माझं दिमाग फार वर गेल्याचं सांगितलं. हिंदीत घमेंडीला इतके शब्द आहेत हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यातला प्रत्येक मला लागू पडत होता. फक्त हवा तो तेवढा कोणी वापरेना. कोशात जे शब्द असतात ते लोकांच्या तोंडात नसतात, ही गोष्ट संपादकांना त्यांच्या तीन चष्म्यांतून दिसली नव्हती.

चौथ्या दिवशी दुकानाच्या आतल्या बाजूला काचा पुसत बसलेली त्याची आई बाहेर आली. एके काळी शाळेत शिकवणारी बाई. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, "इतना अभिमान किस बात का है, भैया?"

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. त्यामुळे प्रकरण चिघळलं. मी चिठ्ठी पुढे केली, तर ती म्हणाली, आधी माफी, मग सही. दुकानात सहा गिऱ्हाईकं होती. त्या सहांसमोर मी शिपायांची, फ्रेमांची आणि बाटलीच्या बुडांची माफी मागितली. त्यातल्याच एकानं साक्षीदार म्हणून सही केली. तोपर्यंत इमारतीत बातमी पोचली होती की निवृत्तीनंतर माझ्या डोक्यात हवा गेली आहे.

"होतं असं काहींना," मास्तर जिन्यात म्हणाले. "मीठ कमी केलंत का?"

तेलुगूची चिठ्ठी कोपऱ्यावरच्या टेलरकडे होती. त्याच्या दुकानात मशीनच्या वर एका नटाचा फोटो आहे. मी फक्त एवढंच विचारलं, "हा कोण?" त्यानंतर पावणेदोन तास मला बोलावं लागलं नाही. मध्येच त्यानं हात छातीवर ठेवून म्हटलं, "नाकु आयनंटे चाला अभिमानम्." म्हणजे, मला त्यांच्याबद्दल फार माया आहे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. एवढं पाणी मी सात साहेबांपैकी एकाहीसाठी काढू शकलो नसतो.

पण सही फुकट मिळत नसते. माझी आस्था बघून टेलर इतका भारावला की त्यानं त्या नटाच्या शर्टासारखा शर्ट मला शिवून दिला. जांभळा. कॉलर कानापर्यंत. तो घालून रविवारी त्याच्या चाहता मंडळाच्या सभेला यायचं, ही अट. गेलो. सभेत कोणालाच पत्र लिहिता येत नव्हतं, म्हणून मला एकमतानं उपाध्यक्ष केलं आणि लगेच दोन पत्रं लिहायला बसवलं. अध्यक्ष बाहेरगावी होते. त्यांच्या नावाच्या वर मी काय लिहिलं असेल हे सांगायला नको. करिता.

तीन चिठ्ठ्या मी कार्यालयात तपासणीला टाकून आलो. उरली बंगाली.

आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे घर. घरात बंगाली. त्यांचे यजमान विमा कंपनीत, नुकसानीची पाहणी करतात. इतका सभ्य माणूस की त्याच्याशी बोलायला लागलं तर तो स्वतःहून कधीच निघत नाही. मी संपादकांना पुन्हा जाऊन विचारलं, बंगाली अभिमान साधारण कधी होतो? ते म्हणाले, आपल्या माणसानं मन दुखावलं की होतो.

एवढं मला पुरे होतं. कोणाचं तरी मन दुखवायला हवं होतं, आणि चौतीस वर्षं नागरिकांना पत्रं लिहिलेल्या माणसाला त्यात अवघड काय?

चौकशी केली तेव्हा कळलं की सतरा तारखेला त्या दोघांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. यजमान त्या दिवशी अर्धी रजा टाकून साडेतीनला घरी येणार होते. मी सव्वातीनपासून फाटकाशी उभा राहिलो. ते आले तसं त्यांना पाण्याच्या मीटरकडे नेलं आणि म्हणालो, यात काहीतरी गडबड आहे, तुम्ही पाहणीतले माणूस, जरा बघा. मग मी त्यांना मीटर म्हणजे काय, काटा कसा फिरतो, आकडा कसा घ्यायचा, खात्यानं कोणत्या साली कोणते मीटर बदलले, हे सगळं सविस्तर सांगितलं. दोनदा त्यांनी घड्याळ बघितलं. दोन्ही वेळा मी वाक्याच्या मधोमध होतो. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी डोळे मिटले. पावणेसहाला मी त्यांना सोडलं आणि चपला हातात घेऊन त्यांच्या मागोमाग जिना चढलो.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. मी जिन्याच्या वळणावर, चिठ्ठी गुडघ्यावर, पेन उघडं. आता बोलणार. त्यांनी यजमानांच्या हातातली पिशवी घेतली. पाण्याचा पेला दिला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. घरात दोन माणसं होती आणि एक शब्द नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी मेहनत करून मन दुखवावं आणि त्यांनी तोंड उघडू नये? कामाची काही किंमत?

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई कचऱ्याची बादली घेऊन थेट माझ्यासमोर.

"दात दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

पायरीवर, अनवाणी, हातात चिठ्ठी घेऊन बसलेल्या माणसानं दुसरं काय सांगायचं? मी गालावर हात ठेवला. "उद्या सकाळी नऊला या," त्या म्हणाल्या.

घरी आलो तर बायको ठेवणीतल्या साडीत खुर्चीवर बसली होती. न्हाणीघरात बादलीत फुलांचा मोठा गुच्छ होता. टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं.

"लग्न होतं का कोणाचं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तसंच काहीतरी," म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

खोकं टेबलावर जरा उंच होत होतं, पण वरून सपाट होतं. चिठ्ठ्या लिहायला मला ते फार सोयीचं पडलं.

दुसऱ्या दिवशी नऊला माझ्या तोंडात दिवा घालून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की खालची दाढ खरंच किडलेली आहे. म्हणजे माझ्या आयुष्यातली एक थाप तरी खरी निघाली. त्यांनी ती काढली. तोंड बधिर, गालात कापूस, हलायची बंदी. आणि मग हात धुता धुता त्या आपणहून बोलायला लागल्या. दातांच्या डॉक्टरांना बोलायला अशीच माणसं लागतात.

"काल आमच्या ह्यांना तुम्ही सव्वादोन तास मीटर दाखवलात," त्या म्हणाल्या. "मी त्यांना एक शब्द बोलले नाही. राग नव्हता. राग परक्याचा येतो. आपलं माणूस आहे, त्याला आपणहून कळायला पाहिजे, आणि कळलं नाही, की आत काहीतरी रुसून बसतं. आमच्या भाषेत त्याला अभिमान म्हणतात. ते बोलून दाखवायचं नसतं. बोललं की संपलंच ते."

मी खुर्चीत ताडकन उठून बसलो. शब्द निघाला होता! त्यांच्या तोंडून, आपणहून! मग आठवलं: व्याख्या चालत नाही. वाक्य मराठीत, वर व्याख्या. आणि ज्या गोष्टीचा धर्मच न बोलणं, तिचं बोललेलं वाक्य मी आणायचं कुठून? असा नियम करणाऱ्या संपादकांची मी कापसातून यथेच्छ निंदा केली. बाहेर फक्त 'ऊं ऊं' आलं.

"तुमच्या मिसेस नाही का कधी अशा गप्प बसत?" त्यांनी विचारलं.

मी हातानंच सांगितलं, ती गप्पच असते, उत्तम चाललंय.

आणि खरंच उत्तम चाललं होतं. सतरापासून घरात कामाला पोषक शांतता होती. चहा वेळेवर येत होता. दाढेमुळे मला मऊ खाणं लागत होतं, ते न सांगता मिळत होतं. मी दहा दिवस खोक्यावर कागद पसरून डॉक्टरीणबाईंच्या घराकडे कान लावून बसलो. त्यांचं दुसऱ्याच दिवशी मिटलं होतं आणि आता तिथून नुसते हसण्याचे आवाज येत होते. काही लोकांना दुसऱ्याच्या कामाची कदरच नसते.

अठ्ठावीसला कार्यालयाचं पाकीट आलं. तिन्ही चिठ्ठ्या तपासून परत, लाल शाईचे शेरे मारलेल्या. बायको समोर बसून त्या जांभळ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होती. मी पाकीट फोडलं आणि चिडून मोठ्यानं वाचायला लागलो. लोकांचे शेरे मोठ्यानं वाचायची मला खात्यापासून सवय आहे.

"ऐक काय म्हणतात! मराठी, मान्य. तेलुगू, मान्य, परंतु सहीवर शर्टाची मापे आहेत, ती खोडावीत. आणि हे बघ, हिंदी. 'मागील बाजूस कामाशी असंबद्ध मजकूर आढळला. संग्राहकाने खुलासा करावा.' असंबद्ध! मी कशाला असंबद्ध लिहीन? म्हणे, 'मजकूर पुढीलप्रमाणे: हिचा निरोपसमारंभ, सतरा तारीख, दुपारी चार. पहिली रांग. विसरायचं...'"

पुढचा शब्द मी वाचला नाही. चिठ्ठी उलटी केली. अक्षर माझंच होतं.

सुई चालू होती. मी फुलं आठवली. साडी आठवली. माझ्या कोपराखालचं खोकं बघितलं; त्याच्या कागदावर अकरा दिवसांचे माझ्या चहाचे गोल डाग होते, आणि त्यांच्यामधून प्रयोगशाळेच्या लोकांनी लिहिलेलं तिचं नाव दिसत होतं. मला लाज वाटली. अशी की कपाळापासून तळव्यांपर्यंत.

"तू बोलली का नाहीस?" एवढ्या सगळ्यानंतर मी तिलाच विचारलं.

तिनं दोरा दातानं तोडला.

"नियम तुमचाच ना? मागून घेतलेलं चालत नाही म्हणून." तिनं शर्टाची घडी घातली. "मलाही नाही चालत."

आणि तेव्हा, देवाशपथ सांगतो, माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. चौतीस वर्षांची सवय म्हणा, नाहीतर निर्लज्जपणा म्हणा. तिनं ते पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"घ्या लिहून," ती म्हणाली. "सही कुठे करू?"

मी लिहिलं. तिनं सही केली. साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी चिठ्ठी वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं, सही केली आणि दार लावून घेतलं. सतरा तारखेला मी त्यांना ज्यासाठी दुखावलं होतं ते मला दोन मजले वर, फुकट, स्वतःच्या घरात मिळत होतं, आणि मी जिन्यात बसलो होतो.

तीस तारीख उजाडली. चार वाजता खिडकी बंद होणार होती. चार वाजताच प्रयोगशाळेत तिची शेवटची पाळी संपणार होती. कार्यालय एका टोकाला, रुग्णालय दुसऱ्या. सकाळी निघताना ती म्हणाली, "चिठ्ठी टाकून या. मुदत आहे." तेवढंच म्हणाली. त्यात काही टोमणा आहे का ते मी पुष्कळ शोधलं. नव्हता. म्हणून जास्त लागलं.

दोनला मी कपडे करायला कपाट उघडलं. इस्त्रीचा शर्ट एकच होता, तो जांभळा. साडेतीनला मी घातला आणि निघालो. फाटकाशी मास्तर होते. त्यांनी कॉलरकडे बघितलं आणि म्हणाले, "कोशकार्यालय डावीकडे."

मी उजवीकडे वळलो.

प्रयोगशाळेत समारंभ वगैरे काही नव्हता. तो सतराला झाला होता. लोक कामात होते. बायको सूक्ष्मदर्शकावर कापडाची टोपी चढवत होती. मला बघून थांबली.

"हा शर्ट घालून आलात?" ती म्हणाली. "इथे?"

"बटण तू लावलंस," मी म्हणालो.

तिच्या सहकारी बाई पुढे आल्या. "तुम्हीच का ते?" त्यांनी विचारलं. असा प्रश्न मला पूर्वी कोणी विचारला नव्हता, आणि यापेक्षा वाईट रीतीनं कोणाला विचारता येईल असं वाटत नाही. त्यांनी खणातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. समारंभाचा फोटो. पहिल्या रांगेत दहा खुर्च्या. नवांवर माणसं. बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स ठेवलेली. "कोणाला बसू देईनात बाई," सहकारी बाई म्हणाल्या. "येतील म्हणाल्या, वाटेत असतील. फोटो काढेपर्यंत तेच."

येताना आम्ही चालत आलो. मीच बोललो, नेहमीप्रमाणे, पण पाण्याच्या मीटरबद्दल नाही.

एक तारखेला कोशकार्यालयात गेलो, आधीच्या तिन्ही चिठ्ठ्या खुलाशासह परत दिल्या आणि चौथी पुढे ठेवली. संपादकांनी चिठ्ठी तिन्ही चष्म्यांनी वाचली. "हेच ते," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हेच शोधत होतो." मग त्यांनी माझ्या देखत शिक्का मारला: मुदतीनंतर प्राप्त. शिवाय वाक्यात मूळ शब्द नाही. शिवाय भाषा मराठी. शिवाय बोलणारी व्यक्ती संग्राहकाची पत्नी. एवढे शिवाय लिहिताना त्यांचा हात कुठेही अडखळला नाही. चिठ्ठी मी परत मागून घेतली. मागून घेण्याबद्दल त्या कागदाला आता काही हरकत नसावी.

खंड यथावकाश निघाला. अभिमान, पान तीनशे बारा. मराठी, हिंदी, तेलुगू. चौथ्या ओळीत 'बंगाली: पुरावा उपलब्ध नाही.' शेवटच्या यादीत मी नाही. बोलणाऱ्यांच्या यादीत मात्र मास्तर आहेत, संपूर्ण नावासह, आणि ते पान ते पिशवीत घालून फिरतात. जिन्यात भेटले की उघडतात. "तुम्हीही काहीतरी करायला हवं होतं," असं ते मला म्हणतात.

खोक्यातलं घड्याळ बाहेरच्या खोलीत लावलंय. त्याच्या खाली तो फोटो, चौकटीत. चौकट मीच करून आणली. घरी येणारा प्रत्येक जण बघतो आणि ठरल्यासारखं विचारतो, "ही मधली खुर्ची रिकामी का?"

बायको आत चहा टाकायला जाते. तिनं आजवर कधीही सांगितलेलं नाही. पाहुणा माझ्याकडे बघतो, आणि मग, करिताशिवाय, मलाच सांगावं लागतं की ती माझी आहे.